कंबर सिस्टरची दुखते, मोजायला हवी कॉट

सदाफुली
सोमवार, रात्री १०:१२

मी एका धर्मादाय रुग्णालयात मेल मेडिसिन वॉर्डची इन्चार्ज आहे. नोकरीला चोवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत कंबरेपायी वॉर्ड सोडलेल्या सात जणी मी पाहिल्या. कुणी ओपीडीत बदली मागून घेतली, कुणी राजीनामा दिला, एक मावशी तर कायमच्या घरी बसल्या. प्रत्येकीला ऐकवलं गेलं ते एकच: "वाकायची पद्धत चुकली." वर्षातून एकदा व्याख्यान होतं. गुडघ्यात वाका, पाठ ताठ ठेवा, वजन अंगाजवळ धरा. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला पॅरालिसिसच्या ऐंशी किलोच्या आजोबांना कुशीवर वळवायला आम्ही दोघीच असतो. कॉट माझ्या मांडीच्या मध्यापर्यंत येते. गुडघे वाकवले की थेट कॉटच्या लोखंडी पट्टीवर आपटतात. मग वाकते ती कंबरच.

गेल्या पावसाळ्यात आमच्या फिजिओथेरपीच्या मॅडम म्हणाल्या, "सिस्टर, दुखणं किती दिवस मोजायचं? आता काम मोजू या." तेव्हापासून जे केलं ते लिहिते. दुसऱ्या रुग्णालयांतल्या लोकांनीही आपलं सांगावं म्हणून हा धागा.

सुरुवात केली ती कुणाला कुठे दुखतं याच्या कागदापासून. नॉर्डिक प्रश्नावली ही साधी पद्धत १९८७ पासून वापरात आहे. पाठमोऱ्या माणसाचं चित्र, त्यावर मानेपासून घोट्यापर्यंत नऊ भाग. गेल्या बारा महिन्यांत तिथे त्रास झाला का, त्यामुळे रोजचं काम अडलं का, गेल्या सात दिवसांत होता का, एवढंच विचारायचं. मॅडमनी मराठीत करून दिला. पहिल्यांदा ऑफिसमार्फत नावानिशी भरून घेतला, तर जवळजवळ सगळे कागद "त्रास नाही" असे परत आले. कंत्राटावरची एक मावशी मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, दुखतं म्हणून लिहिलं तर पुढच्या महिन्यात नाव राहील का?" मग नाव काढून टाकलं, फक्त कामाचा प्रकार आणि नोकरीची वर्षं ठेवली, आणि लिनन रूममध्ये कुलूपबंद पेटी ठेवली. तेव्हा खरे कागद आले.

कंबर सगळ्यांत वर येणार हे ठाऊकच होतं. पण मावशींच्या कागदांवर मनगट आणि उजवा खांदा गडद रंगवलेला होता. एक सकाळ त्यांच्याबरोबर फिरले तेव्हा उलगडा झाला. पोछा प्रत्येक खोलीला हाताने पिळायचा, आणि पंधरा लिटरची भरलेली बादली मोरीच्या कट्ट्याच्या उंचीवर उचलून ओतायची. दिवसातून किती वेळा, ते त्यांनी आजवर मोजलं नव्हतं, मीही नाही. उचलणं म्हणजे पेशंट उचलणं एवढंच मी धरून बसले होते. आता पिळायची जाळी असलेल्या बादल्या आल्या आहेत आणि पाणी जमिनीलगतच्या मोरीत ओततात.

त्यानंतर अंगाची ठेवण मोजली. यासाठी रेबा नावाची गुणपद्धत आहे, सू हिग्नेट आणि लिन मॅकअ‍ॅटम्नी यांनी २००० साली मांडलेली. धड किती वाकलं, पिळलं का, मान, पाय, दंड, मनगट, हातातलं वजन, पकड, हे सगळं तक्त्यांत बघत शेवटी १ ते १५ मधला एक आकडा निघतो. ११ किंवा वर आला तर ते काम तसं चालू ठेवायचं नाही, ताबडतोब बदलायचं. आम्ही नातेवाइकांची परवानगी घेऊन, पेशंटचा चेहरा येणार नाही असा बाजूने व्हिडिओ काढला, सगळ्यांत वाईट क्षणी थांबवला आणि मुलाच्या कंपासमधला कोनमापक मोबाईलच्या पडद्यावर ठेवला. धड साठ अंशांच्या पुढे वाकलेलं, वर पिळलेलं. आकडा आला ११. दोन दिवसांनी तेच आजोबा आयसीयूतल्या उंची बदलणाऱ्या कॉटवर होते. कॉट कोपराच्या जरा खाली येईल इतकी वर घेतली, ड्रॉ शीट, म्हणजे पेशंटच्या अंगाखाली आडवी घातलेली चादर, धरून वळवलं. आकडा ४. माणसं तीच, मध्ये कुठलंही प्रशिक्षण झालेलं नाही.

ट्रॉलीचंही मोजलं, पण ते इथेच असलेल्या निळा गणवेश यांनी लिहावं. काम त्यांचं आहे.

रानजाई
सोमवार, रात्री ११:०५

आई तीस वर्षं एका प्रसूतिगृहात आया होती. घरी आली की फरशीवर पालथी पडायची आणि मी लहान होते तेव्हा तिच्या कंबरेवर उभी राहायचे. ती म्हणायची, वय झालं आता. तेव्हा ती अडतीस वर्षांची होती. तिला हा कागद कुणी दिलाच नाही. लिहीत राहा सिस्टर.

काटकोन
मंगळवार, सकाळी ८:३०

वाचनखूण साठवली. मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंडस्ट्रियल इंजिनिअर आहे. आमच्या लाईनवर अठरा किलोची पेटी उचलायची असेल तरी आधी हिशेब मांडला जातो आणि गरज पडली तर लिफ्टर बसवतात. ऐंशी किलोच्या माणसाबाबत हे कुणीच करत नाही हे वाचून रात्री झोप लागली नाही.

आम्ही वापरतो ते नायॉशचं, म्हणजे कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या संस्थेचं, १९९१ चं सुधारित समीकरण. त्यात सगळं आदर्श असेल तर दोन हातांनी उचलायची मर्यादा २३ किलो. परिस्थिती जितकी वाईट, तितकी ती खाली येते. पेशंट उचलण्याला मात्र हे समीकरण सरळ लागू होत नाही. पेशंट हलतो, घाबरून गळ्यात हात टाकतो, त्याला धरायला कडी नसते. नायॉशच्याच थॉमस वॉटर्स यांनी २००७ मध्ये पेशंट हाताळण्यासाठी ३५ पौंडांची, म्हणजे साधारण १६ किलोची मर्यादा सुचवली, तीही परिस्थिती चांगली असेल तर. आता बघा, माणसाचा एक पाय त्याच्या वजनाच्या साधारण सहाव्या हिश्श्याएवढा असतो. ऐंशी किलोच्या माणसाचा पाय प्लास्टर होईपर्यंत धरून उभं राहायचं म्हणजे तेरा किलो, तेही हात लांब करून.

सिस्टर, पेशंट सोडून दुसरं काही उचलायचं असेल तर मापं द्या, मी हिशेब करून देतो.

सदाफुली
मंगळवार, दुपारी ३:२०

सलाईनचे खोके. ५०० मिलीच्या २४ बाटल्या, काट्यावर १३ किलो भरले. स्टोअरमध्ये जमिनीवर रचलेले असतात. उचलताना हात घोट्यांच्या ४० सेंटीमीटर पुढे आणि जमिनीपासून १० सेंटीमीटरवर. ठेवायची फळी १२० सेंटीमीटरवर. मिनिटाला एक, अर्धा तास.

काटकोन
मंगळवार, रात्री ९:१५

२३ ला एकेक गुणक लावत जायचं. आडवं अंतर: २५ भागिले ४०, म्हणजे ०.६३. सुरुवातीची उंची: ७५ सेंटीमीटर आदर्श, तुम्ही १० वरून उचलता, म्हणून ०.८१. वर न्यायचं अंतर ११० सेंटीमीटर: ०.८६. मिनिटाला एक, एकूण तासाच्या आत: ०.९४. कडी नसलेलं खोकं, पकड मध्यम: ०.९५. सगळ्यांचा गुणाकार साधारण ८.९ किलो. तुमचं खोकं १३ चं. भागाकार १.४६, आणि तो १ च्या आत हवा.

आता खोकी गुडघ्याएवढ्या घडवंचीवर रचा, हात ५० सेंटीमीटरवर येतील. पुढ्यातला पसारा हलवून जवळ उभं राहा, ४० चं ३० होईल. फळी १०० वर घ्या. तोच हिशेब १४.४ किलोवर जातो, भागाकार ०.९. एक घडवंची आणि खिळे काढून खाली ठोकलेली एक फळी, एवढ्यावर काम होतं. सगळ्यांत मोठा वाटा कुठला ते बघितलंत? वजन नाही, ते अंगापासून किती लांब आहे ते.

रोखठोक
बुधवार, सकाळी १०:४०

मी एका रुग्णालयाच्या प्रशासनात आहे. सगळं पटतं, पण मूळ दुखण्याला कुणी हात लावत नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन पेशंटमागे एक नर्स आणि साध्या रुग्णालयात पाचांमागे एक असं आहे. रात्रपाळीला चाळीस पेशंटवर दोन सिस्टर असताना कोनमापक काय करणार? घाईत कोण कॉट वर-खाली करत बसेल?

यंत्रांचंही सांगतो. आम्ही एक होइस्ट घेतला होता, पेशंटला झोळीत घेऊन उचलतो तो. धूळ खात पडला. त्याचे पाय कॉटखाली सरकावे लागतात. आमच्या कॉटखाली नातेवाइकांच्या पिशव्या, चटया, पाण्याचे कॅन. आणि अर्ध्या कॉटना खाली आडवी पट्टी, तिथे तो अडकायचा. खरेदीआधी कुणी टेप घेऊन वॉर्डात गेलं नाही. त्यात मीही होतो, म्हणून लिहितो.

अजून एक. उंच कॉट सिस्टरला बरी, पण रात्री लघवीला उठणारा म्हातारा उंचावरून पडला तर खुबा मोडतो.

सदाफुली
बुधवार, रात्री १०:५०

रोखठोक दादा, शेवटचा मुद्दा शंभर टक्के मान्य. म्हणूनच वर घेतलेली कॉट काम झालं की पुन्हा खाली आणायची, हे आम्ही चार्टवर लिहितो. साध्या, न हलणाऱ्या कॉटचे पाय आम्ही ठोकळ्यांवर चढवले आहेत, पण फक्त चार, आणि तिथे स्वतःहून कूससुद्धा बदलता येत नाही असेच पेशंट ठेवतो, दोन्ही बाजूंचे कठडे वर करून. चालत्या पेशंटला ती कॉट कधीच द्यायची नाही.

माणसं कमी आहेत हे खरं. पण मोजल्यामुळेच मला ते कागदावर मांडता आलं. "स्टाफ द्या" असा अर्ज मी कित्येक वर्षं केला. या वेळी लिहिलं, की अमुक इतके पूर्ण परावलंबी पेशंट, प्रत्येकाला दर दोन तासांनी वळवायचं, म्हणजे एका रात्रीत इतक्या वेळा, दर वेळी आकडा ११. पहाटे चार ते सात या वेळेसाठी एक जास्तीची मावशी मंजूर झाली. पूर्ण रात्र मागितली होती, ती अजून मिळालेली नाही.

टेम्सकाठ
गुरुवार, पहाटे २:१०

मूळची साताऱ्याची, सतरा वर्षं इंग्लंडमध्ये नर्स. इथे १९९२ चे हाताळणीचे नियम आहेत आणि त्यांचा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो: उचलणं टाळता येतं का ते आधी बघा, येत नसेल तर धोका तपासा, मग तो कमी करा. "नीट उचला" हे त्या क्रमात पहिलं नाहीच. नुसत्या प्रशिक्षणाने कंबरदुखी टळत नाही हे २०११ च्या कोक्रेन समीक्षेतही (अनेक अभ्यास एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष) आलं आहे. त्यामुळे सदाफुली ताईंच्या त्या वार्षिक व्याख्यानाबद्दल मला काय वाटतं ते कळलं असेलच.

होइस्टपेक्षा आधी स्लाइड शीट घ्या. निसरड्या नायलॉनची नळी असते, पेशंटखाली घातली की कापडावर कापड सरकतं आणि पेशंट उचलावा लागत नाही, ओढला जातो.

सदाफुली
गुरुवार, दुपारी ४:००

आमच्या शिवणघरातल्या काकांनी छत्रीच्या कापडाची शिवून दिली! दोन चुका झाल्या त्या सांगते. पहिलीची शिवण पाठीखाली येत होती, तिथे कातडीवर वळ उठला. आता शिवण कडेला घेतली आहे. आणि एकदा शीट खालीच राहिली, पेशंट डोकं वर केलेल्या कॉटवरून पायाकडे घसरत गेला. काम झालं की काढायचीच, आणि प्रत्येक पेशंटची वेगळी, धुवायला वेगळी.

निळा गणवेश
गुरुवार, रात्री ११:३०

सिस्टरनी माझं नाव घेतलं म्हणून लिहितो. टायपिंग सावकाश आहे, सांभाळून घ्या.

मी वॉर्डबॉय, एकोणीस वर्षं. आमच्याकडे स्ट्रेचर ट्रॉल्या सहा. चार नंबरची जड, हे सगळ्यांना माहीत. कॅज्युअल्टीतून कॉल आला की जो तो दुसरी धरायला धावतो, आणि नवा पोरगा असेल त्याच्या वाट्याला चार नंबर. फिजिओच्या मॅडमनी प्रवासाच्या बॅगा मोजायचा हुकाचा काटा आणला. ट्रॉलीवर माझ्या वजनाचा एक मामा झोपवला, काटा दांड्याला अडकवला आणि सरळ ओढलं. चार नंबर जागची हलायला काटा १९ किलोवर गेला. एकदा चालायला लागली की ११. दोन नंबरची ८ वर हलली. मी मॅडमना म्हटलं, परत करा, काटा खोटा असेल. तीन वेळा केलं. तेच.

मग उलटी केली. पुढच्या दोन चाकांच्या आसाला केस, बँडेजचं सूत, प्लास्टरचा चुरा असा घट्ट गोळा बसला होता की ब्लेडने कापून काढायला पाऊण तास गेला. मेंटेनन्सवाल्यांनी ग्रीस भरलं. परत काटा लावला, ९. एकोणीस वर्षं मी समजत होतो ट्रॉली म्हातारी झाली.

अजून एक कळलं. फिरती चाकं आडवी राहिली असली की पहिला धक्का जास्त लागतो. म्हणून ट्रॉली ठेवतानाच चाकं ज्या दिशेला जायचं त्या दिशेला सरळ करून ठेवायची. आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सहाही ट्रॉल्यांना काटा लावतो आणि आकडा खडूने खालच्या पट्टीवर लिहितो. १२ च्या वर गेली की ती बाहेर.

रॅम्पचं मात्र काही करता आलं नाही. तिथे अजून फाटते. जुन्या इमारतीत लिफ्ट बंद असली की रॅम्पच.

काटकोन
शुक्रवार, सकाळी ७:५०

मामा, तुमच्या पोस्टवरून मी आमच्या कारखान्यातल्या ट्रॉल्यांना आज काटा लावणार आहे.

रॅम्पचा हिशेब सोपा आहे. पेशंट ७० आणि ट्रॉली ८० धरली तर दीडशे किलो. बारा फूट चालल्यावर एक फूट चढणारा, म्हणजे १:१२ चा रॅम्प असेल तर नुसतं मागे येऊ न देण्यासाठी साडेबारा किलोचा जोर सतत लावावा लागतो. चाकांचं घर्षण त्यावर वेगळं. जुना रॅम्प १:८ चा असेल तर तोच जोर पावणेएकोणीस किलोंवर जातो. दोरी आणि टेप घेऊन उतार मोजा, आकडा लिहून द्या. एकट्याने ट्रॉली चढवायची नाही असा नियम मागायला तो पुरेसा आहे. आणि उतरताना ट्रॉलीच्या खालच्या बाजूला माणूस हवाच.

कृष्णधवल
शुक्रवार, दुपारी १:१५

मी सोनोलॉजिस्ट, सोनोग्राफी करणारा डॉक्टर. आम्ही काही उचलत नाही म्हणून आमचं दुखणं मोजलंच जात नाही. दिवसभर उजवा हात पेशंटवर ताणलेला, वर प्रोब (अंगावर फिरवायचं यंत्राचं टोक) दाबायचा, मान डावीकडे स्क्रीनकडे. सहा वर्षांत माझा उजवा खांदा इतका गेला की केस विंचरायला त्रास व्हायचा. एक सहकारी शेजारी उभा राहून मोजत होता तेव्हा दिसलं, माझा दंड अंगापासून साठ अंश दूर असतो. तो तिसाच्या आत हवा. उपाय होता पेशंटला टेबलाच्या माझ्याकडच्या कडेला सरकायला सांगणं. "जरा इकडे सरका, अजून थोडं." तेवढं वाक्य बोलायला मी सहा वर्षं लावली. प्रोबची वायर हाताने तोलून धरण्याऐवजी आता खांद्यावरून घेतो.

ऑपरेशन थिएटरमधल्या मंडळींनाही सांगा, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत साधनं लांब असतात, त्यामुळे टेबल नेहमीच्या उंचीवर ठेवलं तर खांदे तासन्‌तास वर राहतात. टेबल खाली घ्यायला हवं आणि मॉनिटर डोळ्यांच्या रेषेत किंवा जरा खाली, समोर.

उंबरठा
शुक्रवार, रात्री ९:४०

मी रुग्णालयातली नाही. सासऱ्यांना फेब्रुवारीत स्ट्रोक झाला, उजवी बाजू गेली. घरी साधा दिवाण आहे, गुडघ्याएवढा. नवरा कामावर गेला की मी एकटी. त्यांना वळवताना माझ्या कंबरेत कळ येते आणि परवा मी त्यांचा उजवा हात धरून ओढला तर ते किंचाळले. कुणाला विचारावं कळत नव्हतं. इथे विचारलं तर चालेल का?

सदाफुली
शुक्रवार, रात्री १०:२०

चालेल म्हणजे काय, अगदी विचारा. आधी ते हाताचं. लकवा मारलेल्या बाजूचा हात धरून कधीही ओढायचं नाही. खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात, सांधा निसटतो. किंचाळले असतील तर उद्याच डॉक्टरांना दाखवा.

आता वळवणं. तुम्ही ज्या बाजूला उभ्या आहात तिकडे वळवायचं. आधी त्यांचा तुमच्या बाजूचा हात अंगापासून जरा दूर ठेवा, नाहीतर अंगाखाली सापडतो. पलीकडचा हात हलकेच छातीवर आणा. पलीकडचा गुडघा वाकवून पाऊल गादीवर टेकवा. मग एक हात त्यांच्या पलीकडच्या खांद्याच्या मागे, दुसरा पलीकडच्या खुब्याच्या मागे. तुमचा एक गुडघा दिवाणावर टेकवा, दिवाण खाली आहे म्हणून हे करायलाच हवं, त्याने पाठ सरळ राहते. मोठ्याने एक-दोन-तीन म्हणा, म्हणजे तेही डाव्या अंगाने जमेल तेवढी साथ देतील. आणि हातांनी ओढू नका, तुमचं सगळं अंग मागे न्या. वाकवलेला गुडघा वळला की बाकीचं धड त्यामागे येतं.

जमलं तर दिवाणाच्या चारही पायांखाली लाकडी ठोकळे घाला, पण खाच असलेले, पाय घसरायला नको. आणि एक बाजू भिंतीला लागलेली असू दे.

टेम्सकाठ
शनिवार, पहाटे १:३०

आणि त्यांच्याखाली कायम एक ड्रॉ शीट असू द्या. वर सरकवायचं असेल तेव्हा एकटीने करू नका, नवरा येईपर्यंत थांबा. वळवणं एकटीने जमतं, वर सरकवणं नाही.

उंबरठा
रविवार, दुपारी १२:१०

काल डॉक्टरांना दाखवलं, खांदा थोडा उतरला होता, पट्टा दिला आहे. आज पहाटे गुडघा वाकवून केलं. दोनदा जमलं नाही, तिसऱ्यांदा ते स्वतःच डाव्या हाताने दिवाणाची कड धरून वळले. माझ्या कंबरेला काही झालं नाही. ठोकळे सुतारकाका मंगळवारी देणार आहेत.

ड्रॉ शीट म्हणजे नेमकी केवढी लागते? जुनी सुती साडी चालेल का?

सदाफुली
रविवार, दुपारी २:४५

चालेल, नऊवारी असेल तर उत्तम. चौघडी करा. वरची कड खांद्यांच्या वर आली पाहिजे आणि खालची मांडीच्या मध्यापर्यंत. दोन्ही बाजूंना हातभर कापड जास्तीचं ठेवा, अंगाजवळ गुंडाळी करून तिथेच धरायचं. सुरकुती मात्र एकही नको, रोज सकाळी खालून हात फिरवून बघा.